मांजरांची सोय

गेल्या पावसाळ्यातील एका सायंकाळी, दवाखान्यात भरपूर गर्दी असताना, निगडी प्राधिकरणात एकट्या राहणाऱ्या माझ्या एक जुन्या रुग्ण उजवा हात पदराखाली झाकून आल्या. वय ७४, मधुमेह वीस वर्षांचा, मुलगा बंगळुरूला. मी त्यांना काकू म्हणतो. हात मनगटापर्यंत सुजला होता. “दारात बोट चेपलं,” त्या म्हणाल्या. मधल्या बोटाच्या मुळाशी दोन बारीक लाल ठिपके मला दिसले होते. तरीही बाहेर ताटकळणाऱ्या माणसांकडे पाहून मी त्यांचे म्हणणे मान्य केले आणि सुजेच्या गोळ्या लिहून दिल्या. दारात चेपलेल्या बोटावर असे ठिपके उमटत नाहीत, एवढे मला कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी ताप भरल्याचा निरोप आला म्हणून घरी गेलो. कॉटखाली, शिवणयंत्रावर, यजमानांच्या तसबिरीखालच्या खुर्चीत, जिकडे पाहावे तिकडे मांजरे. मी नऊ मोजली. जिन्यात कुणीतरी सोडलेल्या एका मांजरीला आत घेताना ती चावली होती. “खरं सांगितलं असतं तर तुम्ही मुलाला फोन केला असता, डॉक्टर. आणि त्यानं आधी मांजरं बाहेर काढली असती.” मी खरोखरच तसे केले असते.

ही नऊ मांजरे आली कुठून, हे आपल्या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. चाकण, भोसरी, तळवडे येथील कारखान्यांवर कंत्राटी कामाला येणारी मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात. एकटेपणा घालवायला मांजर पाळतात. कंत्राट संपले की खोली सुटते आणि मांजर जिन्यात राहते. सुशिक्षित कुटुंबेही यात मागे नाहीत. बदली झाली की पिल्ले खोक्यात घालून सोसायटीच्या फाटकापाशी ठेवणारे मी पाहिले आहेत. पाळलेले जनावर असे उपाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे त्यांच्या गावीही नसते.

मांजरीच्या चाव्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण काकूंसारखे लपवणारे पुष्कळ आहेत. कुत्र्याच्या चाव्याने मांस फाटते, ते दिसते आणि माणूस घाबरून धावत येतो. मांजरीचा दात सुईसारखा खोल शिरतो आणि वरची कातडी लगेच मिटते. निरोगी मांजरीच्या तोंडातही पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. ते आत अडकले की दिवसभरातच सूज चढते आणि मधुमेही माणसात सांध्यापर्यंत पोहोचू शकते. म्हणून चावा लहान दिसला तरी ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मांजरीपासूनही रेबीज होतो. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लशीचे ०, ३, ७ आणि २८ हे चारही दिवस पाळावे लागतात. रक्त येईल असा चावा असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. धनुर्वाताची लसही पाहावी लागते. लपवलेल्या चाव्यात यांपैकी काहीच होत नाही.

काकूंचे यजमान पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये नोकरीला होते. १९५४ साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यातील पेनिसिलिनवर त्यांचे घर चालले. पाश्चुरेला पेनिसिलिनला दाद देतो हे मी सांगितले, तेव्हा तापातही त्या हसल्या. पण आता गोळ्यांवर भागणार नव्हते. पू काढण्यासाठी रुग्णालयात दाखल व्हायला हवे होते, आणि त्या नाही म्हणत होत्या. मी चिडून विचारले, “मांजरं हवीत की हात?” त्या काही बोलल्या नाहीत, उठून डाव्या हाताने भाताचे पातेले घेऊन भात कालवू लागल्या. तेव्हा माझा प्रश्नच चुकला आहे हे मला उमगले. “मी बघतो,” असे म्हणालो आणि त्या अर्ध्या तासात रिक्षात बसल्या. पुढचे नऊ दिवस माझा कंपाउंडर सकाळ-संध्याकाळ त्यांच्या घरी जात होता.

मुलगा आला, तोही समंजस निघाला. दोन मांजरे ठेवायची, सातांना घरे शोधायची, असे ठरले. आधी सगळ्यांची नसबंदी करून घेतली. मांजरी पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. ते न करता मांजर देणे म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे होय.

तीन पिल्ले आठवड्यात गेली. चाकणच्या एका गोदामाच्या पर्यवेक्षकाने उंदरांसाठी बोका मागितला आणि मी फारशी विचारपूस न करता दिला. चौथ्या दिवशी तो फाटकाबाहेर, मालमोटारींच्या रांगेकडे गेला तो परतला नाही. नव्या जागी मांजर निदान दोन-तीन आठवडे कोंडून ठेवावे लागते, हे मी सांगितले नव्हते. काकूंना ही गोष्ट मी बऱ्याच उशिरा सांगितली.

त्यानंतर मात्र घेणाऱ्यांशी मी निवांत बसून बोलू लागलो. ७९ वर्षांचे एक निवृत्त फोरमन पिल्लू मागत होते. पिल्लू पंधरा वर्षे जगेल, त्यापुढे त्याला कोण पाहील, असे विचारले तेव्हा ते गप्प झाले आणि दहा वर्षांची शांत मांजरी घेऊन गेले. मोशीच्या एका परिचारिकेने खिडक्यांना जाळी लावून घेतली, मग एक नेली. तिची जाऊ गरोदर होती. तिने मांजरीची विष्ठा काढू नये, इतरांनी ती रोजच्या रोज काढावी आणि हात धुवावेत, एवढे पथ्य पुरते. मांजर घालवून द्यावे लागत नाही. मांजरीला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नका. एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते.

काकूंचे मधले बोट अजून पुरते वळत नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या केसपेपरवर मी आता रक्तदाबाखाली एक ओळ लिहितो: घरी जनावर आहे का, आणि तुम्ही दाखल झालात तर त्याला कोण पाहील? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन वर्षे टाळणाऱ्या एका आजोबांचे कारण मला या ओळीमुळेच कळले.

सातवी मांजरी, पांढरी, नसबंदीची खूण म्हणून डाव्या कानाचे टोक कापलेली, तेवढी राहिली आहे. वय सहा-सातच्या आसपास. सध्या ती माझ्या दवाखान्यातील वजनकाट्यावर झोपते. रुग्ण आला की उठवावी लागते. तिला घर हवे आहे.