भाटी आणि पाहुणे

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका उतारावर काजू फेणीचा कारखाना आणि तिथेच पाहुण्यांसाठी जागा, असं काम आमच्याकडे आलं. मालकांनी पहिल्याच बैठकीत स्कॉटलंडचे फोटो पुढे सरकवले: चकचकीत तांब्याची पात्रं, काचेची भिंत, अलीकडे पेला घेऊन बसलेली माणसं. ग्लेनफिडिकने १९६९ मध्ये पाहुण्यांना दार उघडलं, तेव्हापासून तिकडे हा व्यवसाय रुळलेला आहे. पण तो नकाशा इथे चालणार नव्हता. काजूचं फळ, म्हणजे बोंडू, आडवा येत होता.

बार्ली साठवता येते, म्हणून व्हिस्कीची भट्टी बहुतेक वर्षभर चालू शकते. बोंडू झाडावरून पडला की लगेच खराब व्हायला लागतो. त्यामुळे फेणीचा हंगाम फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंतच. पर्यटकांची खरी गर्दी मात्र डिसेंबरात. बागेत बोंडू वेचणाऱ्या एका मावशी आमची मोजमापं बघत म्हणाल्या, "पावणे येतात तेव्हा भाटी थंड, नि भाटी पेटते तेव्हा पावणे घरी." आमच्या साऱ्या बैठकांमध्ये इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

आधी उत्पादन लावून घेतलं. त्यात उतार कामाला आला. बोंडू वरच्या अंगाला येणार, तिथे बी वेगळी काढून कोळंबीत, म्हणजे बोंडू तुडवायच्या कुंडात, रस काढायचा. रस उताराने आंबवणीच्या टाक्यांत आणि तिथून भाटीकडे. पंपाची गरज जवळजवळ संपली. पहिल्या धारेचा उर्राक, तो पुन्हा उकळून फेणी, साधारण ४२ टक्के मद्यार्काची. भाण्याखाली, म्हणजे उकळायच्या पात्राखाली, लाकडाचा जाळ हवाच, असा मालकांचा आग्रह होता आणि तो मला पटला. पण मग साठवण जवळ ठेवून चालणार नव्हतं. चाळीस टक्क्यांच्या मद्याची वाफ साधारण २६ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते, आणि एप्रिलच्या दुपारी इथे पारा त्याच्या बराच वर असतो. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, खाली बसते, उताराने वाहते. म्हणून साठवणीची खोली भाटीच्या वरच्या बाजूला ठेवायची नाही आणि वायुवीजनाच्या जाळ्या जमिनीलगत, हे आम्ही आधी पक्कं केलं. इमारत कशी दिसेल ते त्यानंतर.

मालकांना चव घेण्याची खोली भाटीच्या तोंडाशी हवी होती. यावर बरेच वाद झाले. शेवटी पाहुण्यांची वाट वरच्या बाजूने, वेगळ्या फाटकातून आणली. भाटी दिसते, वास येतो, पण मधे अंतर आणि जांभ्या दगडाची भिंत. बोंडूच्या जीपगाड्या आणि पर्यटकांच्या गाड्या एकमेकींना कुठेही आडव्या जात नाहीत. एक्साइजच्या कुलपाआडचा माल आणि विक्रीचा काउंटर वेगळे ठेवणंही त्यामुळे सोपं झालं.

पाण्याचा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळ खाणारा वाटला, आणि माहितीपत्रकांत तोच कधी नसतो. वाफ थंड करायला पाणी लागतं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असताना. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण तो पडतो जूनपासून. म्हणून वरच्या अंगाला पावसाच्या पाण्याचं मोठं टाकं बांधलं. भाण्यात उरणारं आंबट, काळपट पाणी सगळ्यात खाली. जांभा पाणी झिरपू देतो, त्यामुळे त्या टाकीला आतून पक्कं अस्तर दिलं. नाहीतर खालच्या वाडीच्या विहिरी बिघडल्या असत्या. पाहुणे तिथवर जात नाहीत. माझ्या मते तेही दाखवायला हवं होतं; मालकांनी ऐकलं नाही.

राहिला डिसेंबर. थंड भाटीसमोर खोटा धूर सोडण्याची एक सूचना आली होती, ती मी तिथेच मोडून काढली. त्याऐवजी हिवाळ्यातली फेरी मोहोरलेल्या बागेतून काढली. पुढे रिकामी कोळंबी जवळून बघायची आणि शेवट साठवणीच्या खिडकीशी, जिथे काचेच्या मोठ्या बाटल्यांत, म्हणजे गर्राफांवांत, गेल्या हंगामाची फेणी उभी असते. एप्रिलमध्ये हीच वाट भाटीकडे वळते, आणि तेव्हाच बोंडूचा ताजा रस म्हणजे नीरो आणि उर्राक चाखायला मिळतो.

तुम्हाला फेणी विकत घ्यायची असेल तर कधीही जा. ती होताना बघायची असेल तर उन्हाची तयारी ठेवून एप्रिलमध्येच जा.