यादी कोणाच्या हातीं असावी?

गेल्या महिन्यांत रात्रीच्या जेवणाच्या पंगतींत आमच्या धाकट्या सूनबाईंनीं एक प्रश्न काढला. मुलांवर अत्याचार केल्याबद्दल ज्यांना शिक्षा झाली, त्यांचीं नांवें सरकारनें सर्वांस कां दाखवूं नयेत? नात शिकवणीस जाऊं लागली आहे. आईच्या जिवाची ही काळजी रास्तच होय. आम्हीं त्या वेळीं उत्तर टाळलें. तें आज देत आहों.

अशी यादी आपल्या देशांत आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजीं ती सुरू झाली, तेव्हां तींत ४ लाख ४० हजारांहून अधिक नोंदी होत्या. परंतु ती पाहण्याचा अधिकार केवळ पोलीस व तपासयंत्रणांस आहे. अमेरिकेंत १९९६ च्या कायद्यानें असल्या नोंदी लोकांस खुल्या केल्या. तेथें मेन प्रांतांत २००६ सालीं एका तरुणानें यादींतून पत्ते काढून दोघांस त्यांच्या घरीं गोळ्या घातल्या. त्यांपैकीं एकाचा अपराध इतकाच कीं, ऐन तारुण्यांत ज्या प्रेयसीशीं त्याचा संबंध आला, तिला सोळा वर्षें पुरीं होण्यास थोडे दिवस उणे होते. सुक्याबरोबर ओलेंही जळतें, तें असें.

दूर कशाला जावें? आमच्या नागपुरांत १३ ऑगस्ट २००४ रोजीं अक्कू यादव नांवाच्या गुंडास जमावानें न्यायालयाच्या दालनांतच ठार केलें. कस्तुरबानगरच्या ज्या स्त्रियांनीं वर्षानुवर्षें त्याचा जाच सोसला आणि ज्यांच्या तक्रारींची दाद लागली नाहीं, त्यांस दोष देण्यास आमची जीभ रेटत नाहीं. २०१४ सालीं पुराव्याअभावीं आरोपी सुटले. पण संतापलेल्या हातांस चुकीचें नांव मिळालें तर? १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाड्यास, मुलें पळविणारे समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांस जमावानें मारून टाकलें. तेथें यादी नव्हती. नुसती आवई पुरली.

मग कांहींच करूं नये काय? येथें आमचें एक पाप सांगितलें पाहिजे. तीसएक वर्षांपूर्वीं आमच्या एका सहकारी शिक्षकाविषयीं एका मुलीनें आपल्या आईस कांहीं सांगितलें. शाळेच्या चालकांनीं त्याचा राजीनामा घेतला व सद्वर्तनाचा दाखला देऊन त्यास वाटेस लावलें. अब्रूचा प्रश्न होता ना! तो दाखला आमच्याच सुवाच्य अक्षरांत लिहिलेला होता. पुढें तो दुसऱ्या गांवीं शिकवूं लागल्याचें कळलें. तरी आम्हीं दोन ओळींचें पत्रही पाठविलें नाहीं. असा मनुष्य कोणत्याही यादींत सांपडला नसता, कारण आम्हींच त्याचें नांव तींत जाऊं दिलें नाहीं.

सूनबाई, यादी चव्हाट्यावर नको. शाळा, वसतिगृहें व शिकवण्या यांनीं नेमणुकीपूर्वीं पोलिसांकडे चौकशी करावी, एवढें मात्र हवें. परंतु नोंदलेल्या बलात्कारांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिकांत आरोपी ओळखीचाच निघतो. त्याचें नांव भिंतीवर लागलें, तर कायद्यानें झांकलेली मुलीची ओळखही उघडी पडते. २०१२ च्या कायद्यानें असा अपराध कळूनही न कळविणें हाच गुन्हा ठरविला आहे. म्हणून नात कांहीं सांगूं लागली, तर हातांतलें काम टाकून ऐका. आणि माणूस घरचा असला, तरी दाखला लिहूं नका.