बरोबरची खूण

सोमवारी पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहू लागले, की पुढच्या बाकावरच्या मुली माझ्या हाताकडे पाहून हळूच हसतात. त्यांचे चुकत नाही. नखांच्या कडेला अडकलेले ग्रीस रॉकेलने निघत नाही, साबणाने तर मुळीच नाही. परवा स्नेहसंमेलनाच्या धांदलीत एकीने धीर करून विचारलेच, "मॅडम, ती जुनी जीप विकून का टाकत नाही?" मी हसण्यावारी नेले. खरे उत्तर जरा लांबलचक आहे. संपादकांनी यंदा लेख मागितलाच आहे, तर ते येथेच सांगते.

जीप माझ्या वडिलांची, अण्णांची. भोरला आमचे किराण्याचे दुकान होते आणि हिर्डस मावळातल्या वाड्यावस्त्यांवर माल पोचवायला अण्णांनी १९८३ साली सरकारी लिलावात ती घेतली. गाडी १९६४ सालची, सीजे-३बी. विलीज कंपनीने अमेरिकेत १९५३ साली हे मॉडेल काढले. त्याच्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आले, इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. त्यामुळे ही जीप समोरून मान ताठ केलेल्या हवालदारासारखी दिसते. तिकडे तिचे उत्पादन १९६८ साली थांबले. आपल्याकडे महिंद्रने ती पुढेही अनेक वर्षे काढली. आईचे मत मात्र एवढेच, की लोक लिलावात भांडी घेतात, आमच्या ह्यांनी भंगार घेतले.

अण्णांनी त्या भंगारासाठी एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही घातली. दुकानाच्या उधारीची असते तशीच. तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय बदलले. आणि प्रत्येक ओळीपुढे काम झाल्याची बरोबरची खूण. त्यांचे म्हणणे असे, की गाडी घाटात बंद पडली, की मिस्त्री बोलावता येत नाही. म्हणून मिस्त्रीचे निम्मे काम रविवारी अंगणातच उरकावे.

रविवारचा क्रम ठरलेला. सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचे पाणी पाहायचे, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहायची. फॅनबेल्ट अंगठ्याने दाबायचा. साधारण इंचभर दबला तर ठीक. मग गाडीखाली पोते अंथरून ग्रीसगन घेऊन शिरायचे. पाट्यांचे शॅकल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे सांधे, प्रत्येक निपलमध्ये जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरायचे. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट पाना लावून पाहायचे, कारण ते सैल पडले तर अ‍ॅक्सल जागचा हलतो. महिन्यातून एकदा प्लग काढायचे. टोक तपकिरी असेल तर इंजिन निरोगी, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, पांढरे पडले असेल तर कमी. ओढ्यातून गाडी घातली असेल, तर डिफरन्शियलचा बोल्ट किंचित सैल करून ऑइल पाहायचे. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले, की आत पाणी गेले म्हणून समजावे आणि त्याच दिवशी सगळे बदलावे.

आणि सर्वांत शेवटी ब्रेक. या गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, पत्र्याच्या खाली असतो. चटई काढा, चिखल खरवडा, झाकणाचे स्क्रू सोडवा, आजूबाजूची माती आत पडणार नाही अशा बेताने टोपण उघडा, तेव्हा कोठे तेल दिसते. मला हे काम अगदी जिवावर येई.

जुलै १९९४. मी तेव्हा एफ.वाय.ला होते. त्या शनिवारी अण्णांना ताप भरला. दादा पुण्याला. सोमवारी आत्याला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलाला महाडला सोडायचे होते. अण्णा अंथरुणातूनच म्हणाले, "पोरी, रविवारचं तेवढं तू बघ. ब्रेक विसरू नकोस."

मी विसरले नाही. पाणी पाहिले, ऑइल पाहिले, चार-पाच निपलांना ग्रीसही दिले. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला ओघळ दिसला. पावसाचे दिवस, पाणीच असणार, असे मनाशी म्हटले. वरून पाऊस लागला होता, चटईखाली चिखल वाळून दगड झाला होता. मी वहीत 'ब्रेक ऑइल' असे लिहिले आणि पुढे बरोबरची खूण केली.

"पाहिलंस ना?"

"हो, अण्णा."

सोमवारी वरंध घाटात वाघजाईपर्यंत सगळे ठीक होते. देवीला नारळ झाला, कांदाभजी झाली. उतार लागला आणि दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर अण्णांचा पाय नेहमीपेक्षा खोल गेलेला मी पाहिला. त्यांनी पेडल दोनदा मारले. थोडा ब्रेक लागला. पुढच्या वळणाआधी पेडल सरळ पत्र्याला टेकले.

त्या जुन्या जीपला चारही चाकांचा ब्रेक एकाच नळीमार्गावर आहे. एका चाकाचे तेल गळले, की चारही चाके गेली. हातब्रेक मात्र वेगळा. तो चाकांवर नसतो, मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या ड्रमवर असतो आणि तारेने ओढला जातो. अण्णा काही बोलले नाहीत. क्लच दोनदा दाबून त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. इंजिन ओरडले. हातब्रेक एकदम न खेचता ते थोडाथोडा ओढत राहिले आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेत घेत गटारात चाक घालून उभी केली. बॉनेटवर दरडीची माती घसरली. आत्याचा मुलगा झोपेतून जागा होऊन म्हणाला, "महाड आलं?"

अण्णा उतरले, मागच्या डाव्या चाकाशी वाकले, बोटाने ओल टिपली आणि वास घेतला. मग चटई काढून त्यांनी मास्टर सिलिंडर उघडला. तळाशी जेमतेम ओल. ते माझ्याकडे पाहतील म्हणून मी खाली मान घातली, ते आत्याला म्हणाले, "जुनी गाडी आहे ताई, होतं असं." आत्या एस.टी.ने पुढे गेली. महाडहून संध्याकाळी मिस्त्री आला. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, त्याने चाकातला सिलिंडर आतून गंजतो आणि गंजाचे खड्डे रबराचा वॉशर खातात; त्या चाकात नेमके हेच झाले होते. हे एका दिवसात होत नाही. रविवारी तेल निम्म्यावर आलेले मला नक्कीच दिसले असते.

अण्णा मला रागावले नाहीत. पुढच्या रविवारी मी वही उघडली. माझी खूण त्यांनी खोडली नव्हती. खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ होती : 'ब्रेक ऑइल. मी स्वतः पाहायला हवे होते. चूक माझी.' त्याच्या पुढे त्यांनी खूण केली नव्हती.

मी खोटे बोलले हे त्यांना कळले होते, आणि त्यांना कळले आहे हे मलाही. तरीही मी कधी बोलले नाही. प्रत्येक रविवारी ते चटई काढून टोपण उघडत आणि म्हणत, "ये, बघ." मी बघे, आणि खूण करायला पेन्सिल ते माझ्याच हाती देत. एवढा विश्वास त्यांनी कशाच्या बळावर परत दिला, हे मला अजून कळलेले नाही. २००९ साली ते गेले. शेवटच्या आठवड्यातही सांगावेसे वाटले, पण धीर झाला नाही.

आता तिसरी वही चालू आहे. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, सुट्या भागांसाठी दुकाने पालथी घालणे, पेट्रोलचा खर्च. हिशेबाने पाहिले तर विद्यार्थिनीचे म्हणणे खरे आहे. जीप विकावी. पण पावसाळा संपला आहे. येत्या रविवारी चारही ड्रम काढून चिखल साफ करायचा आहे, वॉशर पाहायचे आहेत आणि ब्रेकचे सगळे तेल काढून नवे भरायचे आहे. ते भरून झाले, डोळ्यांनी पाहिले, की मगच मी पेन्सिल घेईन.