कोरडी भाकरी

संत नामदेवांची एक आख्यायिका आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली असते. कुत्रें भाकरी तोंडांत धरून पळालें आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. कोरडी खाऊं नकोस, तूप लावून देतों, असें विनवीत धांवले. कीर्तनकार या कथेंतून सर्वांभूतीं परमेश्वर दाखवितात, आणि तें योग्यच आहे. पण आम्हां परभणीकरांना तींत आणखी एक गोष्ट दिसते. नामदेवांचें नरसी हें गांव १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होतें. तेव्हां ती भाकरी ज्वारीची असली पाहिजे, असें मी खुशाल धरून चालतों. आणि ज्वारीची शिळी भाकरी नुसती खाणें म्हणजे काय, हें ज्यानें ती खाल्ली असेल त्यालाच ठाऊक! नामदेवांनीं कुत्र्याला चोर म्हटलें नाहीं, याचें मला फारसें नवल वाटत नाहीं, संतच ते. भाकरी कोरडी आहे, ती त्याच्या घशाखालीं कशी उतरेल, हें त्यांच्या ध्यानांत आलें, याचें मात्र वाटतें.

कारण आपली भूतदया बहुधा भाकरीपाशींच थांबते. उरलें तें दाराबाहेर टाकावें, हात धुवावे आणि पुण्य जमेस धरावें! भाकरी कुत्र्याला सोसत नाहीं असें नव्हे. लांडग्याच्या मानानें कुत्र्याला पिष्टमय अन्न पुष्कळ अधिक पचतें, हें २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं दोघांच्या जनुकांची तुलना करून दाखविलें. हजारों वर्षें माणसाच्या उंबऱ्याशीं बसून त्यानें आपलें पोट आपल्या धन्याच्या पोटासारखें करून घेतलें. परंतु दांत गेले, घसा सुकला, म्हणजे हा सारा इतिहास निरुपयोगी ठरतो.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या मोतीची हीच गत झाली. तेरा वर्षांचें वय, वैशाखाचा महिना, पारा ४४ अंशांवर. दुधांत कुसकरलेल्या भाकरीकडे तो पाही आणि मान फिरवी. पाणीहि नीट पिईना. ज्या गांवांत १९७२ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे तेथें कुत्र्याला डॉक्टर मिळण्याची अडचण नाहीं. डॉक्टरांनीं त्याला तपासलें, औषध दिलें आणि सहज म्हणावें तसे म्हणाले, "बोकडाच्या पायांचें अळणी पाणी करून त्यांत भाकरी कुसकरा. वासानें तरी तोंड लावील."

सहज! आमच्या घरांत तीन पिढ्यांत मांसाचा वास आलेला नाहीं. माझी आई ऐशींच्या पुढची. दर एकादशीला नामदेवांची ती कथा नातवंडांना सांगणारी. संध्याकाळीं मीं तिच्यापुढें विषय काढला, आणि तीस वर्षें वर्गांत बोलण्याची संवय असल्यामुळें जीवदयेवर बरेंच बोललों. तिनें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाली, "न्हाणीच्या मागें तीन विटा मांड. तिथलं भांडं घरांत यायचं नाहीं, आणि माझ्या ओट्यावरचं तिकडे जायचं नाहीं. कुत्र्यानं काय खावं हें ठरवणारी मी कोण?" माझ्या व्याख्यानाचा एकहि शब्द तिला लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं मी जन्मांत प्रथमच खाटकाच्या दुकानाची पायरी चढलों. त्यानें चार पाय भाजून, खरवडून, तुकडे करून दिले आणि विचारलें, "सर, घरीं पाहुणे का?" कुत्र्यासाठीं, असें सांगतांच तो हंसला नाहीं. म्हणाला, "मग कांदा-लसूण बिलकुल नको, सर. मीठ बी नको. आन् हाड देऊं नका हां, नुसतं पाणी." पुढें डॉक्टरांनींहि तेंच सांगितलें. कांद्यालसणानें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलें हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार कपच्या आंतड्याला भोंक पाडतात. आमच्याकडे उरलेला तर्रीचा रस्सा हाडांसकट कुत्र्यापुढें ओतून माया करणारे लोक थोडे नाहींत!

पत्नीनें मंदाग्नीवर सहा तास तें उकळलें, चव न पाहतां, केवळ घड्याळाच्या भरंवशावर. रात्रभर निवल्यावर वर चरबीचा पांढरा थर धरला, तो काढून टाकला. खालीं राहिलें तें खरवसासारखें थरथरणारें. कातडें, कूर्चा आणि स्नायुबंध यांतील द्रव्य उकळून असें गोठतें. त्यालाच जिलेटिन म्हणतात.

या थरथरत्या पदार्थानें एके काळीं युरोपला भुरळ घातली होती. दनी पापँ नांवाच्या फ्रेंच विद्वानानें हाडें मऊ करणारें बंद भांडें बनविलें आणि १६८१ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. आपल्या प्रेशर कुकरचा तो खापरपणजोबा. पुढें एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या इस्पितळांतून गरिबांना हाडांच्या जिलेटिनचें सूप वाढण्यांत येऊं लागलें. मांसाचें काम हाडांवर भागतें, ही केवढी काटकसर! अखेर फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनें समिती नेमली. तिच्या वतीनें माजांदी या शरीरशास्त्रज्ञानें १८४१ सालीं अहवाल दिला, कीं नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाहीं. हें सिद्ध कोणावर झालें? कुत्र्यांवर. वाडग्यांतील जिलेटिनला विटून तीं झिजत गेलीं. या कढणाची खरी किंमत कुत्र्यांनींच ठरवून दिली आहे, आणि ती मला मान्य आहे. हाडांतला चुनाहि त्यांत फारसा उतरत नाहीं. तें पूर्ण अन्न नव्हे. तें भाकरीवरचें तूप.

मोतीनें पहिल्या दिवशीं वास घेतला, थोडें चाटलें. तिसऱ्या दिवशीं वाडगा पुसून खाल्ला. कढणाच्या निमित्तानें पोटांत पाणी गेलें, हा मोठाच लाभ. आई त्या बाजूला कधीं गेली नाहीं, पण दिवेलागणीला माळ ओढतां ओढतां विचारी, "झालं का त्याचं पाणी?"

तो पौषांत गेला. विटा काढून टाकाव्यात म्हणून मी न्हाणीमागें गेलों, तर आईनें आंतूनच हटकलें, "असूं देत. गल्लींतली कुत्री व्याली आहे."