सारख्या लांबीच्या नळ्या

'वडील काय करतात?' या प्रश्नाला आमच्याकडे एका शब्दाचे उत्तर नाही. प्रवेशअर्जात मी 'धंदा' एवढेच लिहिते. अण्णा डिझेल एंजिनाच्या प्रेशर पाइपा बनवितात. नाना पेठेच्या एका बोळात आमचा गाळा आहे. एक लेथ, एक हातप्रेस, दोन व्हाइस आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या पोलादी नळ्या, एवढाच पसारा. या पसाऱ्यावर घर चालते आणि घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, म्हणजे मी, शिकते.

डिझेल एंजिनात ठिणगी पाडावी लागत नाही. सिलिंडरातली हवा दाबून दाबून इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच तो पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांचे एंजिन १८९७ साली यशस्वी झाले, तेव्हा इंधन आत ढकलायला वेगळी दाबलेली हवा लागे. १९२७ साली बॉश कंपनीने पंपांचे उत्पादन सुरू केले आणि ते काम पंप करू लागला. १९४६ साली आपल्या खडकीला किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि पुढे विहिरीवरचे डिझेल एंजिन शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले. त्या एंजिनाच्या पंपापासून नोझलपर्यंत जी बारीक नळी जाते, तीवर आमचे पोट आहे.

नळी बाहेरून सहा मिलिमीटर, आतले भोक मात्र दोन मिलिमीटरच्या आसपास. बाकी सगळे पोलाद. कारण नोझल उघडते तेच मुळी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोच्या दाबाला. तांबट आळीतले तांबे हंड्याला शोभते, येथे ते टिकत नाही. टोकाला डाग देऊन गोळा चिकटविला तर तोही धक्क्याधक्क्याने तडकतो. म्हणून नळीचेच टोक साच्यात धरून, प्रेसने दाबून, शंकूसारखे करावे लागते. त्याआधी दोन्ही नट आठवणीने ओवायचे. विसरले तर नळी फुकट! आत कीस राहिला तर नोझल अडकते, म्हणून नळी डिझेलने धुऊन दोन्ही तोंडे बंद करून ठेवायची. गळती बोटाने तपासायची नाही, हा अण्णांचा पहिला दंडक. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

गेल्या उन्हाळ्यात पुरंदरकडचे एक शेतकरी दोन सिलिंडरच्या जुन्या एंजिनाची तुटकी पाइप घेऊन आले. अंजिराची बाग, वर ऊन, आणि विजेचा भरवसा नाही. अण्णांनी दुसरीही पाइप काढून आणायला सांगितली. ती पाहिली तर कोणीतरी उरल्यासुरल्या तुकड्यातून केलेली, आखूड आणि सरळ. अण्णा म्हणाले, "दोन्ही नव्या करू."

"अहो मिस्त्री, तुटली एक. दोन कशाला?"

"जोडीचा हिशेब जोडीनंच होतो, पाव्हणं. दुसरीची नुसती नळीचीच किंमत द्या."

अण्णांनी आधी लांबच्या सिलिंडरपर्यंत तार वळवून माप घेतले आणि त्याच मापाच्या दोन नळ्या कापल्या. जवळच्या सिलिंडरला एवढी नळी लागत नाही, म्हणून तिला मध्येच एक मोठा वळसा दिला. लहानपणी मला ते वळण शोभेचे वाटे. कारण पुढे कळले. पंपाने मारलेला दाबाचा धक्का डिझेलमधून सेकंदाला सुमारे १३५० मीटर वेगाने जातो. नळ्यांत ३० सेंटिमीटरचा फरक पडला तर मिनिटाला १५०० फेऱ्या घेणाऱ्या एंजिनात तेवढ्या वेळात क्रँक दोन अंश पुढे जाते. एका सिलिंडरला डिझेल आधी मिळते, दुसऱ्याला उशिरा. एक ठोका मारतो, दुसरा मागे पडतो, आणि झिजते मात्र सगळे एंजिन.

वाचकहो, हे गणित करताना मला दादा आठवला. मी आठवीत असताना अण्णांचा हात मोडला. दादा तेव्हा नुकताच दहावी झाला होता. 'दोन महिने गाळा सांभाळतो' म्हणाला, आणि तो आजही प्रेसच्या दांडीवरच आहे. माझी फी, माझी पुस्तके, बसचा पास, हे सगळे त्या दांडीतून आले. घरात कोणी अन्याय केला असे नाही, पण आमच्या घरातल्या दोन नळ्या सारख्या लांबीच्या कापल्या गेल्या नाहीत, हे खरे. समता, समान संधी हे शब्द आम्ही वर्गात वहीत उतरवून घेतो. अण्णांना ते शब्द ठाऊक नाहीत, पण लांबच्याला उशीर होऊ नये म्हणून जवळच्याने वळसा घ्यायचा असतो, हे त्यांचे हात जाणतात. आमच्या घरात वळसा दादाने घेतला, आणि तो अजून संपलेला नाही.

धंद्याचेही दिवस बदलले आहेत. नव्या कॉमन रेल गाड्यांत दाब १५०० किलोच्याही वर जातो. तसली पाइप कोणी आणली तर अण्णा हात जोडून सांगतात, "हे आपल्या प्रेसचं काम नव्हे, कंपनीचीच घ्या." गिऱ्हाईक गेले तरी चालेल, पण कोणाच्या जिवाशी खेळ नको. जुनी एंजिने आहेत तोवर गाळा चालेल. पुढे काय, हा प्रश्न दादाचा आहे, माझा नाही, असे मला म्हणवत नाही.

परवा बारावीला बाहेरून बसण्यासाठीच्या १७ नंबरच्या फॉर्मची सारी माहिती कागदावर लिहून मी दादासमोर ठेवली. "आता कुठं गं, या वयात?" असे म्हणून त्याने तो कागद बाजूला सारला. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुसले, कागद उचलला, आणि मापाच्या तारा ठेवतात त्या खणात नीट घडी करून ठेवला.

— द्वितीय वर्ष, कला