गेटजवळचा गुलमोहर

मे महिन्यात फुलांनी लगडलेलं झाड धोकादायक आहे, हे लोकांना पटवणं महाकठीण. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गेटजवळच्या गुलमोहराबाबत तेच झालं. मी तेव्हा सचिव होतो. सभेत दोन तट पडले आणि शेवटी मधला मार्ग निघाला : ‘थोडा छाटून घेऊ, पावसाळा निभावून जाईल.’

झाड किंचित कलल्याचं मला वळवाच्या पहिल्या सरीनंतर जाणवलं होतं, त्यामुळे हा मार्ग माझ्या गळी उतरेना. उद्यान विभागातून निवृत्त झालेल्या एका जाणकार गृहस्थांना बोलावलं. आम्ही सगळे फांद्यांकडे बोटं दाखवत होतो. ते मात्र बुंध्यापाशी उकिडवे बसले. पेव्हर ब्लॉक पार खोडाला भिडवलेले. पहारीने त्यांनी काही ब्लॉक उचकटले, हाताने माती सारली. जमिनीलगत खोडाला तपकिरी, चकचकीत, पांढऱ्या कडेची अळंबी फुटली होती. लाकडी हातोडीने ठोकत ते भोवती फिरले. रस्त्याच्या बाजूला आवाज भरीव, गेटच्या बाजूला बद्द. मग एका जाड मुळावर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो फारसा जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओलसर, पांढरट भुसा लागला होता.

“छाटणीने वजन कमी होईल, वारा कमी धरेल,” ते म्हणाले, “पण कुजलेलं मूळ काही परत येत नाही. आणि पानंच उतरवलीत, तर उरलेली मुळं जगायची कशावर?”

शेंडा उडवला की तिथे फुटवे जोमाने येतात, पण त्यांचा सांधा कच्चा असतो, हेही त्यांनी दाखवलं. त्यात गुलमोहराची मुळं पसरट, लाकूड ठिसूळ. केबलच्या चरासाठी एका बाजूची मुळं तुटली होती; कूज तिथूनच शिरली असावी, असा त्यांचा अंदाज. मोकळ्या माळावर हेच झाड असतं, तर राहू द्या म्हटलं असतं. इथे सकाळी शाळेच्या बसची वाट बघत पोरं उभी असतात. माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला.

झाड आपल्या आवारातलं असलं तरी १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. खोडावर नोटीस लागली, हरकती मागवल्या गेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हरकत घेतली आणि मला विचारलं, “मग तो कडुनिंब? तो तर याच्याहून तिरका आहे. तोही पाडणार?”

प्रश्न रास्त होता. पण कडुनिंब लहानपणापासूनच तिरका. त्याचा शेंडा वळून पुन्हा सरळ वर गेला आहे. कलाच्या उलट बाजूला मातीला भेग नाही, बुंधा टणक. तिथे नुसती वाळकी फांदी उतरवायची होती. ‘एकदाच दोन्हींचा निकाल लावा’ म्हणणाऱ्यांशी मी गुलमोहराच्या वेळेइतक्याच हट्टाने भांडलो.

परवानगी आल्यावर गुलमोहर उतरवला. वरच्या ओंडक्यांचं लाकूड चांगलं निघालं, तेव्हा काकू म्हणाल्या, “अजून काही वर्षं टिकला असता.” टिकलाही असता. पण त्या पोरांना तिथे उभं करून ते आजमावायची माझी तयारी नव्हती.

पुढच्या सभेत मी एकच ठराव मांडला : कडुनिंबाभोवतीचे ब्लॉक काढून माती मोकळी करायची. दोन स्कूटरची जागा जाते म्हणून बरीच कुरकुर झाली. पण ठराव मंजूर झाला आणि ब्लॉक त्याच आठवड्यात निघाले.