कल कुठला, कागद कुठला

कर्नाटकातल्या औराद, भालकी, आळंदच्या मराठी शाळांतलं मूल दहावीनंतर काय निवडतं, हे त्याच्या कलापेक्षा भाषेवर जास्त ठरतं, असं माझं मत होत चाललं आहे. घटनेच्या 371-जे कलमामुळे या कल्याण कर्नाटक भागातल्या मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत राखीव जागा आहेत, पण राज्याच्या नोकरीला कन्नड लागतं. सीमेपलीकडे महाराष्ट्रात, उदगीर-लातूरला भाषा आपली, पण तिथे 371-जेचा पात्रता दाखला चालत नाही. सवलत एकीकडे, सोय दुसरीकडे.

कुणी म्हणेल, कन्नड शाळेत शिकवतातच. शिकवतात, पण पास होण्यापुरतं कन्नड आणि कचेरीत टिपण लिहिण्याइतकं कन्नड यांत फार अंतर आहे. ते अंतर दहावीनंतर भरून निघणं अवघड. शिक्षकांनो, आठवीतच पालकांना बोलावून या दाखल्याच्या अटी मराठीतून समजावून सांगा, आणि कन्नड लेखनाचा सराव तेव्हाच सुरू करा.